रजेचे कधी सांगावे?

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

खराडीच्या कंपनीतली शेवटची मुलाखत चांगली झाली, हे वाचून आनंद वाटला. वडिलांबरोबर यंदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पूर्ण वारी चालायची असल्यामुळे जी तीन आठवड्यांची रजा लागेल, तिच्याविषयी कंपनीला कधी सांगावे, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की, मुलाखतीत हा विषय आपणहून काढू नये आणि रुजू होईपर्यंत तो लांबवूही नये. निवड झाल्याचा फोन आल्यावर, परंतु ऑफर लेटरला होकार कळवण्याआधी सांगावे.

मी बरीच वर्षे भरती करणाऱ्यांच्या बाजूला बसलो आहे, त्यामुळे पलीकडे काय चालते ते ठाऊक आहे. मुलाखती सुरू असताना चार-पाच उमेदवार जवळपास सारखेच वाटत असतात आणि कोणाला तरी वगळायचेच असते. अशा वेळी रजेचा उल्लेख हे आयते कारण ठरते. एकदा नाव पक्के झाले, मॅनेजरने ते वरिष्ठांकडून मंजूर करून घेतले आणि पगाराचा आकडा ठरला, की तीच रजा केवळ तारखांची जुळवाजुळव होऊन बसते, कारण भरतीचा सगळा खटाटोप पुन्हा करण्याची हौस कोणालाच नसते. होकारानंतर मात्र चित्र पालटते. तुझ्या भरवशावर कामाची आखणी झालेली असते आणि प्रोबेशनवरचा माणूस पहिल्याच महिन्यात रजा मागतो तेव्हा, ही गोष्ट याला आधीच ठाऊक होती, हे लपत नाही.

याला दोन अपवाद आहेत. जुलैमध्ये सुरू होणाऱ्या एखाद्या कामासाठीच ती जागा भरली जात असेल, तर मुलाखतीतच सांगून टाकावे. आणि ‘पुढच्या काही महिन्यांत मोठी रजा लागणार आहे का?’ असे कोणी थेट विचारले, तर खरे तेच एका वाक्यात सांगावे. पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असताना अर्ध्या शहराचे वेळापत्रक बदलते, त्यामुळे पुणेकराला वारी समजावून सांगावी लागत नाही. पण तुझा मॅनेजर बंगळुरूला बसत असेल तर ‘घरचे आधीच ठरलेले कार्य’ एवढे पुरते. वारीचे माहात्म्य सांगत बसू नकोस.

सांगताना तारखा इंग्रजी महिन्यांप्रमाणे द्याव्यात. आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला आहे. ‘वारीच्या वेळी’ एवढेच म्हटलेस, तर एच.आर.मधला माणूस गेल्या वर्षीचे कॅलेंडर पाहून रजा भलत्याच आठवड्यांत टाकेल. ही रजा भरपगारी मिळेल, अशी अपेक्षाही धरू नकोस. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, पण त्या तिमाहीनुसार जमा होतात. आणि वीस दिवसांच्या कामामागे एक अशी जी अर्जित रजा आहे, तिच्यासाठी वर्षात किमान २४० दिवस काम झालेले असावे लागते. म्हणजे नव्या माणसाच्या खात्यावर तीन आठवडे असणारच नाहीत. तेव्हा ‘ही रजा बिनपगारी धरली तरी चालेल’ हे वाक्य तूच आधी म्हण. बोलणे निम्मे तिथेच सोपे होते.

त्याहून सोयीचा मार्ग म्हणजे रुजू होण्याची तारीखच एकादशीनंतरची मागणे. तुझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. एप्रिलच्या सुरुवातीला राजीनामा दिलास तर तो जुलैच्या सुरुवातीला संपेल आणि कोणाकडेही रजा न मागता तू मोकळा होशील. यात एक मेख आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या कंपनीचा रुजू झाल्यावरच सुरू होतो. वडीलही तुझ्याच विम्यात असतील, तर ऐन पावसात, साठीच्या माणसाला घेऊन चालताना तुम्ही दोघेही विम्याविना असाल. त्या काळापुरती स्वतंत्र पॉलिसी घ्यायची असेल, तर ती आधीच घे. नव्या पॉलिसीत आजारपणासाठी सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो.

फोनवर बोलणे झाले की त्याच दिवशी चार ओळींचा ई-मेल पाठव: ‘आज बोलल्याप्रमाणे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी उपलब्ध नसेन, कृपया यास मान्यता असल्याचे कळवावे.’ एच.आर.मधली माणसे बदलतात, मॅनेजरही बदलतात आणि तोंडी होकार त्यांच्याबरोबरच निघून जातो. उत्तर येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नकोस. त्यांनी नकार दिलाच, तर वडिलांशी बोलून काय सोडायचे ते ठरवायला तुझ्या हातात अजून दोन्ही गोष्टी असतील.

तुझा,
काका