मुलीची पाळी सुरू होऊन आठ महिने झाले, तरी तारखा जुळत नाहीत. काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेबारा वर्षांची आहे, आठ महिन्यांत पाळी पाचच वेळा आली, एकदा तर मध्ये ५६ दिवस गेले, आणि आता घरात कुणीतरी पाळी नियमित करणाऱ्या गोळ्यांचं सुचवतंय. तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून मला यात बिघाड दिसत नाही. मी डॉक्टर नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि दोन मुलींची आई आहे. पालकसभा संपल्यावर मागे रेंगाळून, आवाज खाली करून, हाच प्रश्न मला कित्येक आयांनी विचारलाय.

२८ दिवसांचा हिशेब मोठ्या बाईचा, आणि तोही सरासरीचा. पहिल्या वर्षात दोन पाळ्यांमध्ये अगदी ९० दिवसांपर्यंत अंतर पडू शकतं. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवस, आणि त्यानंतर बहुतेक मुलींची पाळी २१ ते ३५ दिवसांत बसते.

असं का होतं ते मुलीलाही नीट सांगा, तिची भीती निम्मी होईल. मेंदूकडून इशारा येतो, पिट्युटरी ग्रंथी संप्रेरक सोडते, अंडाशयात बीजांडाभोवतीची पिशवी वाढू लागते आणि तिच्यातून इस्ट्रोजेन झिरपतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. इथपर्यंत शरीराला लवकर जमतं. अवघड आहे ती पुढची पायरी. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं आणि तसंच टिकलं, की पिट्युटरीने एलएच हे संप्रेरक एकदम भरपूर सोडायचं असतं, तेव्हा बीजांड बाहेर पडतं. हे सगळ्यात शेवटी पक्कं होतं, त्यात दोन-तीन वर्षंही जातात. बीजांड सुटलं की रिकाम्या पिशवीतून प्रोजेस्टेरॉन येतं, ते साधारण १४ दिवसांत ओसरतं आणि पाळी येते. बीजांडच सुटलं नाही, तर ही मुदत घालणारं कुणी उरत नाही. अस्तर वाढत राहतं आणि कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी सुटतं.

म्हणूनच सुरुवातीला काही मुलींचं पोट अजिबात दुखत नाही आणि वर्षा-दोन वर्षांनी दुखायला लागतं. काहीतरी नवीन आजार झाला असं वाटून आया घाबरतात. बऱ्याचदा बीजांड सुटायला लागल्याचीच ती खूण असते. अर्थात, दुखण्यामुळे शाळा बुडत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, सहन कर म्हणायचं नाही.

माझी थोरली वहीच्या शेवटच्या पानावर आकडे लिहायची: ३४, ६१, २३, ४७. त्यातला २३ चुकलेला होता, कारण त्या वेळी तिने रक्तस्राव थांबल्यापासून मोजलं होतं. मोजायचं ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. तीन वर्षांनी त्याच पानावर ३१, २९, ३० आले. मध्ये काहीही औषध दिलं नव्हतं.

गोळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी तपासून कारण सांगितल्याशिवाय देऊ नका. संप्रेरकाच्या गोळ्या थांबवल्यावर ठरल्या दिवशी रक्तस्राव होतो खरा, पण त्यामुळे शरीर ती पायरी लवकर शिकत नाही.

तारखांपेक्षा मला काळजी वाटते ती जास्त अंगावरून जाण्याची, आणि त्याबद्दल तुमच्या प्रश्नात काहीच नाही. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, तर थांबू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त येणं किंवा नाकाचा घोळणा वारंवार फुटणंही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण रक्त नीट न गोठण्याचा आजार काही मुलींमध्ये पहिल्यांदा पाळीमुळेच लक्षात येतो. एकदाही ९० दिवसांच्या वर अंतर गेलं तरी दाखवून या, आणि जाताना तारखांची वही सोबत न्या.

आज रात्री तिला एवढं विचारा: झोपेतून उठून पॅड बदलावं लागतं का? मुली हे आपणहून सांगत नाहीत. सगळ्यांचं असंच असतं, असं त्यांना वाटत असतं.