बारावी गाळून पदवीकडे जाऊ नका

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. २००४ साली दहावी झाले. कॉलेज लांब, म्हणून शिक्षण थांबलं. पुढे लग्न झालं. आता काजू कारखान्यात जाते, बचत गटाचे हिशेबही लिहिते. मुलगी नववीत आहे. मला पदवी घ्यायची आहे. एक एजंट म्हणतो, बारावीशिवाय वर्षभरात पदवी मिळवून देतो. घरचे म्हणतात, आता या वयात कशाला? काय करू?

उत्तर : ताई, त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. पदवीला किमान तीन वर्षं लागतात आणि प्रवेशाला बारावी किंवा समकक्ष परीक्षा लागते. मधली पायरी गाळून आणलेली पदवी कागदपत्रं तपासताना अडकते. तोवर पैसे आणि वर्षं दोन्ही गेलेली असतात.

बाहेरून बारावी द्यायला वयाची वरची अट नाही. त्यासाठीचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म साधारण पावसाळ्यात निघतो. तो ऑनलाइन भरून जवळचं कनिष्ठ महाविद्यालय निवडायचं. काही अडलं तर रत्नागिरीला कोकण विभागीय मंडळ आहेच. गटाचे हिशेब तुम्ही लिहिता, म्हणून मी वाणिज्य शाखा सुचवेन. पुस्तकं मराठीत आहेत आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमका काजू सुरू होताना. भातकापणी उरकली की जानेवारीपर्यंतचे दिवस अभ्यासाला धरा आणि परीक्षेच्या सुट्टीचं कारखान्यात आधीच बोलून ठेवा. सगळे विषय एका दमात झेपणार नाहीत असं वाटलं, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकेक विषय सोडवता येतो. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पण तिथल्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन आंब्यात नाहीतर कापणीत. तुमच्यासाठी १७ नंबरच बरा.

बायकांची अडचण बहुतेक वेळा नावावर होते. दहावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आधी तो काढा; गरज पडली तर राजपत्रात नावबदल करून घ्या. हे प्रवेशाच्या घाईत होत नाही.

बारावीनंतर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ पासून ते नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना शिकवतंय. जवळचं अभ्यासकेंद्र शोधून बी.कॉम.ला प्रवेश घ्या. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी विद्यापीठ अनुदान आयोग नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतो. दुसरं कुठलं विद्यापीठ सुचवलं गेलं, तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्याचं नाव आहे का, ते आधी पाहा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. राज्याच्या सरळसेवा भरतीत वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ आहे. तुमची पदवी हातात येईल तेव्हा चाळिशी उलटलेली असेल, त्यामुळे सरकारी नोकरीवर सगळी भिस्त ठेवू नका. पतसंस्था, गटांचे महासंघ, काजू-आंबा प्रक्रियेचे कारखाने यांना हिशेब नीट लिहिणारं माणूस लागतंच. बारावी झाल्यावर टॅली, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवायची प्रणाली, शिका; पदवीची वाट न पाहता ते काम सुरू करता येईल.

या आठवड्यात शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि दहावीचं गुणपत्रक शोधून ठेवा. दाखला सापडला नाही तर दुसऱ्या प्रतीसाठी जुन्या शाळेत लगेच अर्ज द्या.