वितळत नाही, विरघळतो

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय. विज्ञान दिनाला त्या मुलांना तापलेल्या वायूने फिरणाऱ्या टर्बाइनची निकेल-मिश्रधातूची पाती, आतल्या बारीक भोकांतून हवा सोडून, थंड कशी ठेवतात ते सांगणार आहेत. शीर्षक ठरलंय ‘आकारित शीतन-छिद्रांचे विद्युत-रासायनिक यंत्रण’. हे बरोबर आहे का? छिद्र म्हणावं की भोक? ‘विजेने धातू वितळवून भोक पाडतात’ हे वाक्य चालेल का? आणि आयनला मराठी शब्द कोणता?

वाक्य अजिबात चालणार नाही. वितळणे आणि विरघळणे यांचा काला ऐकून कान किटले आहेत. चहात साखर ‘वितळते’, पेल्यातला बर्फ ‘विरघळतो’, बातम्यांतल्या हिमनद्या तर रोजच विरघळतात. पेजेत मीठ विरघळतं, वर सोडलेलं तूप वितळतं. वितळायला नुसती उष्णता पुरते, विरघळायला द्रव लागतो. स्वयंपाकघरात हा घोळ खपून जातो, इथे खपायचा नाही, कारण ही सगळी खटपट त्या फरकासाठीच आहे. लेझरने किंवा विजेच्या ठिणग्यांनी भोक पाडलं तर धातू खरोखरच वितळतो आणि त्यातला थोडा भोकाच्या भिंतीवर पुन्हा थिजतो. त्या थरात बारीक भेगा राहू शकतात, आणि भर तापात गरगरणाऱ्या पात्यात भेग असणं म्हणजे संकटाला आमंत्रण. विद्युत-रासायनिक पद्धतीत धातूचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात, आयन म्हणजे विजेचा भार असलेले कण होतात आणि द्रावणात निघून जातात. थिजलेला थर नाही, त्याच्या भेगाही नाहीत.

छिद्र की भोक? भोक. मुलं ‘बुराक’ म्हणतील, म्हणू द्या. पोर्तुगीज गेले तरी त्यांचा बुराक कोकणीत उरला आहेच. ‘यंत्रण’ मात्र काढा. नियंत्रणातला ‘नि’ गळाल्यासारखं वाटतं आणि कारखान्यात सगळे मशिनिंगच म्हणतात.

‘आकारित’ चालेल, फक्त आकार कुठे असतो ते सांगा, नाहीतर मुलं चौकोनी भोकं काढतील. टायटॅनियमची बारीक नळी घेतात, बाहेरून विद्युतरोधक लेप, टोक तेवढं उघडं. नळीतून आम्ल सोडतात. पातं धन, नळी ऋण, दहा-पंधरा व्होल्टांच्या आतबाहेरचा दाब. नळी पात्याला न टेकता अगदी सावकाश पुढे सरकते आणि समोरचा धातू विरघळत जातो. मध्येच तिचा वेग कमी केला की तेवढ्या जागी जास्त धातू जातो आणि भोक फुगतं. असं ठरावीक अंतराने केलं की लांब भोकाला आतून वेढे पडतात. थंड हवा त्या वेढ्यांवर अडखळते, घुसळली जाते आणि सरळ भोकातल्यापेक्षा जास्त उष्णता घेऊन बाहेर पडते. कसलाही गिरमिट हे करू शकणार नाही. मिठाच्या पाण्यानेही धातू विरघळतो, पण मग निकेलचा चिखल साचून बारीक भोक तुंबतं. आम्लात तो विरघळलेलाच राहतो. किती विरघळणार याचा हिशेब इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने घालून दिला आहे: एक अँपिअर प्रवाह तासभर चालला तर निकेल जातं साधारण १.१ ग्रॅम.

फॅरेडेचं नाव निघालं ते बरं झालं, कारण मला खरं बोलायचंय ते आयनबद्दल. १८३४ साली त्याला या प्रकारासाठी नवे शब्द हवे होते. त्याने केंब्रिजचा विद्वान विल्यम व्ह्यूएल याला गाठलं. व्ह्यूएलने ग्रीक शब्द सुचवले: धन बाजूला अ‍ॅनोड म्हणजे वर जाण्याची वाट, ऋण बाजूला कॅथोड म्हणजे खाली जाण्याची. फॅरेडेच्या डोळ्यांपुढे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह होता, त्यामुळे एक झाली सूर्य चढण्याची वाट, दुसरी मावळण्याची. त्या वाटांवरून जाणारं ते आयन. ग्रीक ‘इऑन’ म्हणजे ‘जाणारं’. ज्या क्रियाधातूपासून (व्याकरणातल्या, पात्याच्या नव्हे) हा शब्द झाला त्याचा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृत ‘इ’, जाणे. त्यातूनच अयन. सूर्याचं उत्तरायण आणि निकेलचा आयन, दोघंही चालतेच!

यावर दोन बाजूंनी लोक अंगावर येतात. एक म्हणतात, पाहा, ग्रीकांनी आपल्याकडूनच उचललं. नाही हो, दोन्ही भाषांनी एकाच जुन्या घरातून वाटणी घेतली. दुसरे म्हणतात, आयन हा निव्वळ इंग्रजी उच्चार, त्याला हाकला आणि ‘विद्युतभारित कण’ म्हणा. त्याचा ‘आ’ इंग्रजीतूनच आला, हे खरं. पण धनायन, म्हणजे धन भाराचा आयन, हा शब्द फोडून बघा. धन + आयन घ्या की धन + अयन, संधी एकच! म्हणजे समासात तो परका राहतच नाही. इतका बेमालूम मिसळलेला शब्द हाकलून चार वितीचं शेपूट कशाला जोडायचं? माझं मत विचाराल तर अयनच लिहावं. कोणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

उलट पाठ्यपुस्तकवाल्यांनी अ‍ॅनोडला ‘धनाग्र’ केलं तिथे वाटही गेली आणि सूर्यही. अग्र म्हणजे टोक. इथे तर अख्खं पातं धनाग्र आहे! ज्याला खरंच टोक आहे ती नळी ऋणाग्र, म्हणजे अर्धा शब्द तरी योगायोगाने बरोबर ठरला. मुलांना परीक्षेपुरतं धनाग्र असू द्या, पण तोंडी धन बाजू, ऋण बाजू म्हणा.

एक खबरदारी. उत्तरायण, रामायण यांच्या धर्तीवर कोणीतरी हौशीने फळ्यावर ‘ऋणायण’ लिहील. रामायणात आधीच्या ‘र’मुळे (‘ऋ’ आणि ‘ष’ही तेच करतात) पुढच्या ‘न’चा ‘ण’ होतो, पण मध्ये स्वतःचा ‘ण’ आडवा आला की होत नाही. म्हणून तर दक्षिणायन. तसंच ऋणायन, शेवटी ‘न’च.