लोकसंगीताचा ग्रुप सुरू केलाय. मानधन किती सांगावं? सुरुवातीला फुकट कार्यक्रम घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात चौघांचा ग्रुप आहे. संबळ, ढोलकी, तुणतुणं आणि एक गायक. सगळे नोकरी सांभाळून करता. घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीनं गणपतीत बोलावलंय, पण 'बजेट नाही, ५०० घरांसमोर कला सादर होईल, ओळख वाढेल' असं म्हणतायत.

नका घेऊ.

मी नवी मुंबईतल्या घणसोली गावातला. साउंडचा धंदा करतो, अठरा वर्षं झाली. हळदी, सत्यनारायण, गणपती, नवरात्र, १४ एप्रिल, सोसायट्यांचे वार्षिक कार्यक्रम. स्टेजच्या बाजूला बसून सगळा हिशोब दिसतो. ज्या सोसायटीकडे तुमच्यासाठी बजेट नाही, तिनं मंडपवाल्याला विसार दिलेला असतो, लाइटवाल्याला दिलेला असतो, केटररला दिलेला असतो आणि मलाही दिलेला असतो. आम्ही चौघंही निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय टेम्पो हलवत नाही, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. कलाकारानं तेच मागितलं की 'अहो, कलेचे पैसे काय करता' सुरू होतं. शेवटी आभार मानताना गुलाबाचं फूल आणि पाकीट. पाकीट तिथं उघडून बघता येत नाही, घरी जाऊन बघितलं की बोलता येत नाही. मी ती पाकिटं घेणारी तोंडं अठरा वर्षं बघतोय.

आता मला हे इतकं का लागतं ते सांगतो.

माझी आत्या धवलारीण आहे. आगरी लग्न तुम्ही पाहिलं असेल, पण बहुतेक फक्त हळदीचा नाच पाहिला असेल. त्याच्या आधी घरात जे होतं ते धवलारीण करते. मांडवाची मेढ, हळद दळणं, देवांना आवतण, सगळं तिच्या गाण्यावर पुढं सरकतं. ती थांबली की विधी थांबतो. भटजी नंतर येतो. दोघी-तिघी भिंतीला टेकून बसतात, एक ओळ सोडते, बाकीच्या उचलतात, आणि असं दोन-दोन तास चालतं. कागद नाही, वही नाही. तेराव्या शतकात महदंबेनं रचलेले धवळे मराठीच्या वर्गात आद्य कवयित्रीची रचना म्हणून शिकवतात. त्याच नावाचं गाणं, म्हणजे धवला, आज तोंडपाठ गाणारी बाई घणसोलीत चाळीस वर्षं लग्नं लावतेय आणि तिला कुणी कलाकार म्हणत नाही.

दादाच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा मी ठरवलं की आत्याचा धवला नीट रेकॉर्ड करायचा. दोन छोटे कंडेन्सर माइक नेले. एक आत्यापुढे हातभर अंतरावर, दुसरा बाकी दोघींच्या मधे. आत्या म्हणाली, "मना माइक नको, माज्या गल्याला काय झाला?" मी म्हटलं, आवाज मोठा करायला नाही, ठेवायला. तर म्हणे, "ठेवून कोन आयकनार?"

रेकॉर्डिंगमध्ये तीन गोष्टी अडकल्या. जातं फिरताना दगडाची एक बारीक घरघर, ती मला हवीच होती. दुसऱ्या बाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या, ओळ उचलताना दर वेळी वाजायच्या. बांगड्या जरा कोपराकडे सरकवा म्हटलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. आणि तिसऱ्या कडव्यानंतर आतल्या खोलीतून कुकरची शिट्टी. सगळं मिळून ४१ मिनिटं.

गावातलाच एक पोरगा, डीजे करतो, हुशार आहे. त्यानं ऐकायला मागितलं. मी पेनड्राइव्हवर देऊन टाकलं. ना मेसेज, ना कागद. ही चूक माझी आहे आणि मी ती लपवत नाही.

सात-आठ महिन्यांनी तुर्भ्याला एका हळदीला माझा सेट होता. डीजे दुसराच कोणी होता. रात्री साडेनऊच्या सुमारास त्यानं एक नवीन गाणं लावलं, आणि माझ्याच स्पीकरमधून माझी आत्या गायला लागली. खाली बीट, मधे कुणाचं तरी ओरडणं. पहिल्या दोन देवांची नावं झाली की कट, परत पहिल्यापासून. पोरं नाचत होती. मी आधी म्हटलं असेल कुणीतरी. मग बांगड्या वाजल्या. मग कुकरची शिट्टी, तीसुद्धा बीटमध्ये बसवलेली. मिक्सरवरचा माझा हात तिथंच राहिला.

घरी येऊन पाहिलं तर यूट्यूबवर त्या पोराच्या नावानं गाणं, लाखांत बघणारे. आत्याचं नाव कुठंच नाही. खाली लिहिलेलं, 'पारंपरिक आगरी गीत'. मी फोन केला तर तो अगदी अदबीनं बोलला, "मामा, लोकगीत आहे ना, ते कुणाच्या मालकीचं नसतं."

हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाणार आहे, म्हणून नीट वाचा. शब्द आणि चाल कुणाची नसेल, मान्य. पण त्या दिवशी त्या खोलीत जो गळा गायला तो गळा त्या बाईचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क आला आणि तो आता ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. म्हणजे तुमच्या संबळवाल्यानं जुनंच गोंधळाचं पद वाजवलं तरी त्याच्या रेकॉर्डिंगवर त्याचा हक्क असतो.

मग मी पूर्ण ४१ मिनिटं अपलोड केली, तिघींची नावं घालून. काही तासांत मलाच नोटीस: या व्हिडिओतला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे. त्या पोरानं गाणं एका कंपनीमार्फत सगळीकडे टाकलं होतं, तिनं त्याची नोंद करून ठेवली होती, आणि यूट्यूबच्या मशीनला पहिली नोंद ज्याची तो मालक. आत्याच्या आवाजावर आत्याच चोर. मी हरकत नोंदवली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्यानं दिलं नाही, दावा उतरला. तो महिनाभर मला नीट झोप नव्हती.

आत्याला तो रिमिक्स मोबाइलवर ऐकवला. पैशाचं काही बोलली नाही, नावाचंही नाही. दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "एकविरेचा नाव कुटं गेला?" एकविरा पुढच्या कडव्यात येते, त्याच्या आधीच त्यानं कापलं होतं. "देवांना बोलावला नि बसवला नाय," म्हणाली, आणि फोन परत दिला.

मी वकिलाची नोटीस पाठवणार होतो. आत्यानं पाठवू दिली नाही. पुढच्या महिन्यात त्याच पोराच्या बहिणीचं लग्न होतं आणि धवला तिलाच गायचा होता. गेली, गायली, पूर्ण गायली. साडी, नारळ आणि ५०१ रुपये मिळाले. त्या हळदीच्या डीजेचे ४०,००० झाले. साउंडचे १८,००० झाले, ते मीच घेतले, म्हणून आकडे मला पाठ आहेत.

आमच्या दादाचं म्हणणं आजही हेच आहे की आपल्याच पोरानं केलं, गावाचं नाव झालं, आत्याला काही वाटत नाही तर तुला का टोचतं? धवला हा मान आहे, त्याला पैसे लावले की मान जातो. दादा, तू हे वाचणार आहेस म्हणून इथंच लिहितो. साडी-नारळाचा मान पुरायचा तेव्हा आत्याच्या घरी भात पिकत होता. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. त्यानंतर एकेक करत शेतं गेली, भातलावणीची गाणी शेताबरोबर गेली, मागं लग्नातला धवला उरला. आता तिच्या घरी तांदूळ दुकानातून येतो आणि सिलिंडरवाला नारळ घेत नाही. डीजेला ४०,००० देताना तुझ्या मानाला काही झालं नाही. तिला ५,००० दिल्यानंच तो कसा जातो? तुझ्या मुलीच्या लग्नात तू तिला किती दिलेस ते मी इथं लिहीत नाही.

तर तुमच्याकडे वळतो.

आकडा विचारलात. चौघं असाल तर गाडीभाडं सोडून २०,००० च्या खाली उतरू नका, हे माझं मत. निम्मे सुपारी घेतानाच घ्यायचे. साउंडवाल्याला जेवढे देताय तेवढे तरी आम्हाला द्या, असं सरळ म्हणा. मी स्वतः साउंडवाला असून सांगतोय.

वेळ साडेआठच्या आतली मागा. लोककलेचा ग्रुप नेहमी 'शेवटी दणक्यात' म्हणून मागं ठेवतात, आधी मुलांचे डान्स, मग सत्कार, मग ऑर्केस्ट्रा, आणि रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करायचा नियम लागला की कात्री तुमच्यावर. गणपतीत ठरावीक दिवशी १२ पर्यंत परवानगी असते, ते दिवस कोणते हे आयोजकाला आधी विचारा.

संबळाला दोन माइक मागा. दोन भांडी आहेत, चढं आणि खर्जाचं, एका माइकमध्ये चढं तेवढं टणटणतं आणि खर्ज गायब होतो. तुणतुण्याला माइक नाही दिला तर ते वाजलं काय नि नाही काय. गाणाऱ्याच्या माइकमध्ये येईल, असं सांगणाऱ्या साउंडवाल्याचं ऐकू नका. पुढं हलगी घेतलीत तर तिला शेकायला जाळ लागतो, नाट्यगृहात जाळ कुणी करू देत नाही. मी हॅलोजनसमोर धरायला लावतो, काम होतं.

आयोजक मोबाइलवर शूट करणारच. ते कुठं टाकणार, नावं कशी लिहिणार, हे निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, पत्र, पेपरातलं कात्रण जपून ठेवा. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांसाठी महिना ५,००० रुपयांचं मानधन आहे, त्याला इतकी वर्षं कला केल्याचे पुरावे लागतात. आत्याचे कागद गोळा करायला मी बसलो तेव्हा चाळीस वर्षांत एक कागद निघाला नाही. मांडवात गाणाऱ्या बाईचं नाव पत्रिकेवर कोण छापतो? शेवटी लग्नाच्या जुन्या अल्बममधले फोटो शोधत दारोदार फिरलो. चौदा मिळाले, त्यातल्या नऊमध्ये ती अर्धीच दिसते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. फुकट कधीच गाऊ नये, असं माझं म्हणणं नाही. गावदेवीच्या जत्रेला गा. कुणाच्या दहाव्याला भजन लावलं तर गा. जयंतीच्या मंचावर गायन पार्टीला लोक उठून दहा-वीसची नोट देतात, देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारलं जातं, ती माणसं गायकाला सांभाळून असतात. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव फिरले, तेव्हा त्यांना अशाच माणसांच्या घरी भाकरी मिळाली. कोकणातली गावमंडळं बघा, नाट्यगृह भाड्यानं घेऊन नमन नि शक्ती-तुरा या तिथल्या लोककलांचे प्रयोग तिकिटावर लावतात आणि आपापल्या गाववाल्यांत एकेक तिकीट हातानं खपवतात. तसं तुम्हाला जमलं तर कुठल्याही सोसायटीपुढं हात पसरावा लागणार नाही. खरं तर पहिला कार्यक्रम असाच करा, लहान हॉल, शंभर तिकिटं, ओळखीतली माणसं. ज्यांच्यासाठी फुकट गाता ते तुमच्या आजारपणात दारात येणारे असावेत. घोडबंदरची ती ५०० घरं येणार नाहीत. त्यांच्या गेटवर तुम्हाला आधी वॉचमनच्या वहीत नाव लिहावं लागेल.

तुमचं गाणं मी ऐकलेलं नाही, त्यामुळे २०,००० हा आकडा कमी-जास्त होईल. तो तुमच्यातल्या सर्वांत जुन्या वादकाला विचारून ठरवा.

आणि ऐरोली पुलाच्या अलीकडे-पलीकडे कुठंही कार्यक्रम ठरला तर इथंच लिहा. संबळाचे दोन माइक माझ्याकडे आहेत, मी स्वतः घेऊन येईन. भाडं निम्मं लावीन. फुकट देणार नाही, तुम्हीही मागू नका.