गाडी सांगते एक, मीटर सांगतो भलतंच

तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. इलेक्ट्रिक गाडीची स्क्रीन म्हणते युनिटला ७ किमी, सबमीटर (चार्जिंगची वीज मोजणारा वेगळा मीटर) महिन्याला ३०-३५ युनिट जास्त दाखवतो, आणि वर मेव्हणा ऐकवतो की तुझी गाडी कोळशावरच चालते. सेम टू सेम. फक्त माझ्याकडे मेव्हण्याच्या जागी साडू होता, आणि त्याच्याकडे स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोलची पण मधूनमधून नुसत्या विजेवरही चालणारी गाडी.

सोसायटीची परवानगी, सबमीटर वगैरे तुमचं झालेलं दिसतंय, ते सोडतो. आणि आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन नाही, बँकेत नोकरी करतो.

माझा गाढवपणा असा की मीटरच फास्ट आहे हे मी धरूनच चाललो. सबमीटर बदलला, नवाही तेच दाखवायला लागला. मग सर्व्हिस सेंटर (नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको). तीन खेपा घातल्या, दर वेळी लॅपटॉप जोडायचे आणि "सर, बॅटरी हेल्थ ओके" असा कागद हातात द्यायचे, दुसऱ्या खेपेला त्याचे पैसेही लावले. पण स्क्रीनवरचा आकडा बॅटरीतून किती गेलं त्याचा असतो, भिंतीतून किती आलं त्याचा नसतो, हे एकानेही सांगितलं नाही! भिंतीतून येणाऱ्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी करताना काही वीज उष्णतेत जाते, शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतला कॉम्प्युटर, पंप वगैरे जागे असतात. १५ अँपियरच्या सॉकेटवर रात्रभर हळूहळू चार्ज केलं तर हा वरखर्च जास्तच बसतो. १०-१५ टक्के असे जाणारच, त्यावर भांडू नका.

माझं मात्र २३ टक्के जास्त येत होतं. स्क्रीनच्या हिशोबाने १००० किमीला १४३ युनिट, मीटरवर १७६.

उत्तर सापडलं ते वासाने. एका रात्री गाडीत राहिलेली छत्री आणायला खाली गेलो तर पार्किंगमध्ये प्लास्टिक जळल्यासारखा वास. सॉकेटचं एक भोक कडेने तपकिरी झालेलं, आणि वायरवर हात ठेवला तर चहाच्या ग्लासाला लावल्यासारखं गरम. वायरमनने मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत ६० मीटर १.५ स्क्वेअरची (म्हणजे १.५ चौरस मिमी जाडीची, बारीक) वायर ओढली होती, "गीझरला हीच टाकतो साहेब". अहो, गीझर १५ मिनिटं चालतो, गाडी १० तास! १३ अँपियरला जाऊन-येऊन त्या वायरीत जवळपास २५० वॅट नुसते तापण्यात जात होते, म्हणजे ३ किलोवॅटमधले ८ टक्के. प्लग वितळला, पोर्टेबल चार्जर गेला, बाहेरचं वायरिंग म्हणून वॉरंटी नाकारली, २२ हजार गेले. नाकारलं ते बरोबरच होतं म्हणा, पण तीन खेपांत एकदा तरी विचारायचं ना की वायर कुठली टाकलीय.

६ स्क्वेअर टाकली, इंडस्ट्रियल सॉकेट, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा) आणि आरसीसीबी (करंट गळला की बंद पडणारा), अर्थिंग तपासून घेतलं. आता १००० किमीला मीटरवर १६३ युनिटच्या आसपास येतं. पैशात बघाल तर बचत किरकोळ आहे, पण आग लागली नाही.

आता साडूचा, म्हणजे तुमच्या मेव्हण्याचा मुद्दा. तो पूर्ण चुकीचा नाहीये, हे इथल्या ईव्हीवाल्यांना (इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना) झोंबेल. आपल्या ग्रिडची (देशाच्या वीजजाळ्याची) वीज युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या थोडी वर कार्बन डायऑक्साइड सोडते. माझे १६३ युनिट म्हणजे साधारण ११७ किलो. १ लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो, म्हणजे १५ चं मायलेज देणाऱ्या माझ्या जुन्या गाडीचे १००० किमीला १५३ किलो, आणि साडूच्या २२ वाल्या हायब्रिडचे १०५. हो, माझ्यापेक्षा कमी! पेट्रोल काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं धरलं की तो माझ्या बरोबरीला येतो, पण मग कोळशाच्या खाणीही धरा, बॅटरी बनवतानाचा धूर वेगळाच. (हे सगळं स्ट्राँग हायब्रिडचं. माइल्ड हायब्रिड विजेवर चालतच नाही, त्या स्टिकरला भुलू नका. आणि हायवेवर स्ट्राँगचाही फायदा बराच कमी होतो, त्याची खरी कमाई सिग्नलला ब्रेक मारताना होते, तेव्हा बॅटरी चार्ज होते.)

फरक एवढाच की साडूची गाडी १० वर्षांनीही पेट्रोलच पिणार आणि माझी वीज कुठून घ्यायची ते थोडंफार माझ्या हातात आहे. आम्ही नाशिकरोडला राहतो, गच्चीवरून एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राची धुरांडी दिसतात, रात्री ११ ला प्लग लावताना आपण काय पितोय ते समोरच दिसतं. म्हणून मी आता शनिवार-रविवार भर दुपारी लावतो, तेव्हा ग्रिडमध्ये सोलर असतं. स्मार्ट मीटर असेल तर ९ ते ५ च्या युनिटवर सवलतही आहे, पण ती सबमीटरवाल्यांना लागते का ते आपापल्या बिलात बघा. आणि टायरमध्ये हवा भरा हो, अर्धे लोक तिथेच रेंज घालवतात.

तेवढं तुमची वायर किती स्क्वेअरची आणि मीटर रूमपासून किती मीटर ते लिहा. आणि आज रात्री चार्जिंग लावून दोन तासांनी प्लगला हात लावून बघा, नुसता कोमट असेल तर ठीक, हात मागे घ्यावा लागला तर लगेच बंद करा.