फिरते चाक पडत का नाही?

प्रश्न : खेळण्यातला जायरोस्कोप (चौकटीत आसावर बसवलेले फिरते चाक) दोरीने फिरवून स्टँडवर आडवा टेकवला, तर तो पडत नाही, स्टँडभोवती सावकाश प्रदक्षिणा घालतो. पण अर्ध्या मिनिटात झुकून कोसळतो. बेअरिंगला ग्रीस लावले, तर आणखी लवकर पडू लागला. असे का?

उत्तर : वजन त्याला सतत खालीच ओढत असते. मात्र फिरत्या चाकाचा आस ओढला जातो त्या दिशेला न वळता तिच्याशी काटकोनात, म्हणजे बाजूला वळतो. तुम्हाला दिसलेली प्रदक्षिणा ती हीच. तिला परांचन म्हणतात. आसाच्या वाटेत बोट आडवे धरून पाहा. चाक कितीही जोरात फिरत असो, जायरोस्कोप लगेच खाली येतो.

चाक मंदावले की प्रदक्षिणा मात्र अधिक वेगाने होते. 60 ग्रॅमचे चाक, बहुतेक वजन 2.5 सेंमी त्रिज्येच्या कडेला आणि टेकूपासून अंतर 3 सेंमी असे धरू. चौकटीचे वजन सोडून देऊ. मिनिटाला 3000 फेऱ्या असताना एका प्रदक्षिणेला साधारण 4 सेकंद लागतात, 1500 असताना 2. म्हणजे घड्याळ लावून चाकाचा वेग ओळखता येतो!

3000 फेऱ्यांना या चाकात जेमतेम 1.8 जूल ऊर्जा असते आणि वेग निम्मा झाला की तिचा चौथा हिस्साच उरतो. बाकीची हवेच्या आणि बेअरिंगच्या घर्षणात उष्णता होऊन जाते. इतक्या तुटपुंज्या पुंजीवर ग्रीस परवडत नाही, कारण ते घट्ट असते आणि स्वतःच चाकाला धरून ठेवते. रॉकेलने ते पुसून काढा आणि आसाच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एकेक थेंब द्या, जास्त नको. टोकांचे स्क्रू आवळलेले असतील तर आस किंचित हलेल इतपतच सैल करा. फार सैल केले तर चाक खडखडते.

मग आस आडवा धरून चाक हलकेच फिरवून सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबली, तर ती जड आहे. समोरच्या कडेला मेणाचा कण चिकटवा. असंतुलित चाक थरथरते आणि ती थरथर स्टँडमार्फत ऊर्जा खाते.

टेकूची खाचही पुसा. तिथले घर्षण प्रदक्षिणेला मागे खेचते, बोटासारखेच पण हळूहळू, आणि म्हणून चाक जोरात फिरत असतानाही आस झुकत जातो.