परत यायचं कसं, ते आधी ठरवा

“एजंट चांगला वाटतोय, व्हिसाही आलाय, पण झोप लागत नाही.” समुपदेशनाला येणाऱ्या, आखातात कामाला निघालेल्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: पैसे कुठून उभे केलेत?

हा तिशीचा वेल्डर, आठवी पास. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि पाच भेटींतलं बोलणं इथे आटोपशीर केलंय.) सौदीतलं काम, करार दोन वर्षांचा. पहिल्या दोन भेटी फसवणुकीच्या गोष्टींतच गेल्या. कागद मागितले तर व्हिसाची झेरॉक्स तेवढी निघाली. “करार तिकडे गेल्यावर मिळतो म्हणाले.”

तिसऱ्या भेटीला बायकोला बोलावलं. काळजी घेऊन माणूस एकटाच येतो, पण ती काळजी असते सगळ्या घराची, हे माझं ठाम मत. एकट्याला दिलेला धीर घराच्या उंबऱ्यापर्यंतच टिकतो.

“एजंटला किती द्यायचेत?”

तो गप्प. “अहो, सांगा की,” ती म्हणाली.

“एक लाख चाळीस. सावकाराकडून, महिना तीन टक्क्यांनी.”

तिला ऐंशी हजारच माहीत होते. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही घाई केली नाही. तिच्या पिशवीतून लाइटबिल डोकावत होतं, त्याच्याच पाठीवर तिला हिशेब मांडायला सांगितला.

मूळ पगार 1200 रियाल. एजंट 1800 सांगत होता, पण तो ओव्हरटाइम धरून, आणि ओव्हरटाइम कुणी लिहून देत नाही. जेवण-फोनचे 400 गेले. उरलेल्या 800 चे, रियालला 22 रुपये धरून, 17,600. घरखर्च 9,000. हातात 8,600, त्यात पहिल्या महिन्याचं व्याजच 4,200. सगळं फिटायला 23 महिने.

“आणि करार चोवीसचा,” तिने पेन खाली ठेवलं. “म्हणजे मधे आजारी पडलात तरी यायचं नाही.”

“तेच,” तो म्हणाला. “रोज रात्री तेच येतं डोक्यात.” आणि मग रडला.

दोन भेटी आम्ही एजंटाबद्दल बोलत होतो. त्याला छळत होती ती परतीची बंद झालेली वाट. ही भीती रास्त होती. अशा भीतीवर श्वासाचे व्यायाम शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं. वाट उघडता येते का, हे आधी पाहावं.

बरीचशी उघडते. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे 35,400. पैसे बँकेतून द्यावेत, पावती घ्यावी. परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. एजंटच्या भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नये. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट सहसा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतो, आणि सौदीसह 18 देशांत कामाला जाताना त्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जायची सरकारी मंजुरी लागते. ती कराराशिवाय मिळत नाही, म्हणून ‘करार तिकडे मिळतो’ हे ऐकलं की तिथेच थांबावं. दहावी झालेल्यांना ही अट नाही. त्यांना ती सूट वाटते, पण त्यांचा करार मग कुणी तपासतच नाही. व्हिजिट व्हिसावर तर काम करणंच बेकायदा, पगार बुडाला तरी तक्रार करताना आधी आपणच अडकतो.

ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे: दोन वर्षांना 275 रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाख. करार, व्हिसा, पासपोर्ट, विमा यांच्या प्रती घरी असाव्यात, नुसत्या त्याच्या मोबाइलमध्ये नकोत. इकामा, म्हणजे तिथला रहिवासी परवाना, हातात आला की त्याचाही फोटो घरी पाठवावा. पासपोर्ट कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, ठेवून घेणं सौदीतही नियमाबाहेर आहे, हेही माहीत असावं.

त्याने तो व्हिसा सोडला. सात महिन्यांनी नोंदणीकृत एजंटामार्फत गेला, सावकाराशिवाय. निघण्याआधी दोघं भेटायला आली. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम तिच्या खात्यात वेगळी ठेवली होती.

“याला हात लावायचा नाही,” तिने मला सांगितलं, त्याच्याकडे बघत.

“भावाच्या लग्नालाही?”

“नाही म्हणजे नाही.”